डबीचा पासवर्ड

"अरे, डबीने परत मला ओळखलं नाही," आई म्हणाली. "कामात आहेस का?"

तो कामात होता. तरी नाही म्हणाला आणि फोन टेबलावर नीट उभा केला, म्हणजे आईचा चेहरा आणि हात दोन्ही दिसतील.

डबी म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा कॉम्प्युटर. गेल्या सुट्टीत त्यानेच तो आईच्या गॅलरीत बसवून दिला होता. झाडांना वेळेवर पाणी घालायचं काम डबीचं. पाणी कमी-जास्त करायचं तर आईने पासवर्ड टाकून आत शिरायचं, इतकंच. पण बसवल्यापासून आई पासवर्ड विसरतच आली होती.

आईची उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाईनी जोडण्यात गेली. कामाशिवाय लाईन अडवायची नाही, हा तिथला नियम तिच्या अंगात असा भिनला होता की दूरदेशीच्या मुलाचा फोन आला तरी "जेवलास? बरा आहेस ना? ठेवते मग" यावर गाडी थांबायची. त्याला पुढे बोलायचं असे, पण कारण सुचत नसे. शेवटी तोही तिचाच मुलगा.

पासवर्ड विसरला की मात्र ते काम होतं, आणि कामासाठी लाईन कितीही वेळ चालायची. या फोनची तो वाट बघायचा. आईच्या विसराळूपणाची वाट बघतो, याची त्याला लाजही वाटायची.

"वायर काढ, मग कार्ड," तो म्हणाला.

कार्ड तिने आधीच काढून ठेवलं होतं. नखाएवढं ते कार्ड तिने जुन्या लॅपटॉपमध्ये घातलं आणि एका ओळीची फाइल उघडली. त्या ओळीच्या शेवटी थोडी भर घातली, की डबी पुढच्या खेपेला काही न विचारता आत घ्यायची.

"खालच्या ओळीत लिहू?" हे ती दर वेळी विचारायची.

"नाही गं. त्याच ओळीत, एक जागा सोडून."

ती एका बोटाने अक्षरं शोधू लागली. ऑफिसात कुणी असं टाइप केलं असतं तर त्याने कीबोर्ड हिसकावून घेतला असता. आईचं बोट मात्र हवं तेवढं रेंगाळू दे, असं त्याला वाटत होतं. मध्येच शेजारीण दारातून प्लंबरचा नंबर विचारून गेली. आईने मान वर न करता तो धडाधड सांगून टाकला.

कार्ड परत डबीत गेलं. डबी मुकाट्याने उघडली. आता नवा पासवर्ड ठेवायचा होता.

"या वेळी असा ठेवते की विसरायची सोयच नाही," आई म्हणाली. "आपल्या पहिल्या फोनचा नंबर. तू हरवलास तर सांगता यावा म्हणून रोज म्हणून घ्यायचे तुझ्याकडून. आठवतो ना?"

"आठवतो."

"मग झालं. सारखा तुला त्रास देणं बरं नाही. तुझे साहेब काय म्हणतील?"

"त्रास कसला," तो म्हणाला.

आईने नंबर टाकला, ओळीतली भर पुसली आणि डबी पुन्हा सुरू करून त्याच नंबराने आत शिरून दाखवलं. मग लाईन मोकळी करते म्हणाली, आणि गेली.

त्याने चहा केला, पण प्यावासा वाटेना. तो नंबर आई जन्मात विसरणार नव्हती. म्हणजे आता नुसतं "जेवलास?" उरलं. आईच्या बोटाकडे बघत बसायचे दिवस संपले.

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. गॅलरीतली डबी इथूनही गाठता यावी, अशी सोय त्याने ती बसवतानाच करून ठेवली होती. आत शिरून पासवर्ड बदलला की काम झालं. दोन-चार दिवसांत आईचा फोन आलाच असता. आपण तिला फसवतोय, ती बिचारी आपलं डोकं चालेनासं झालं म्हणून घाबरेल, हे त्याला कळत होतं. हात थांबला. पण फार वेळ नाही.

त्याने पहिल्या फोनचा नंबर टाकला.

पासवर्ड चुकीचा आहे, डबीने कळवलं.

एकेक आकडा मोठ्याने म्हणत त्याने तो पुन्हा टाकला. परत तेच.

चहा अजून निवलाही नव्हता, आणि आईने पासवर्ड बदललेला होता.