गुळाचा खडा

वच्छला माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवरा वारल्यावर तिनं रांधणंच सोडलं, म्हणून दीड वर्ष मी तिला रोज डबा पाठवला. तिला तिखट सोसेना, तेव्हा आमच्याही घरची भाजी फिकी झाली. आमचे हे शेलूबाजारला जाताना डबा द्यायचे, येताना धुतलेला आणायचे. रिकामा डबा परत करू नये, म्हणून आत गुळाचा खडा असायचा. फोनवर ती म्हणायची, “तुह्या भाकरीवरच जगून राह्यली मी.” आज यांना ताप, मीच गेले. फाटकाशी शेजाऱ्यांची गाय होती. ती सरळ माझ्या हातातल्या डब्याला भिडली, झाकण चाटायला लागली. वच्छला दारातच थबकली. आतून मिरचीच्या फोडणीचा ठसका आला. मी डबा उघडून गाईपुढं ठेवला. तिनं चाटूनपुसून साफ केला. उचलून वळले, तर वच्छला म्हणाली, “रिकामा नको नेऊ वं, गूळ घालू दे.”