दोन वर्षांचा प्लॅन

"फोन घ्यायला पासपोर्ट कशाला लागतो?" मी मुलाला विचारलं. सुनेच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने कॅनडाला आले होते. निघाल्यापासून पासपोर्ट माझ्या कमरेच्या बटव्यातच होता.

"ओळखीचा पुरावा म्हणून. दे, आई."

दुकानदार तो झेरॉक्स काढायला आत घेऊन गेला. मी त्या दारावरून नजर हटवली नाही. बाहेर येऊन त्याने दोन बोटं दाखवत काहीतरी विचारलं आणि मुलाने मान डोलावली.

"दोन काय?"

"वर्षं. दोन वर्षांचा प्लॅन स्वस्त पडतो."

"अरे, माझं परतीचं तिकीट दिवाळीआधीचं आहे ना?"

तो नव्या फोनची काच पुसत राहिला.

दुकानदाराने पासपोर्ट अदबीने माझ्यापुढे धरला. भल्या माणसावर मी उगाच संशय घेतला होता. मी हात पुढे करण्याआधीच मुलाने तो घेतला, स्वतःच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला आणि चेन लावली.