वेलीशी बोलायचं असतं

आमच्या सनीनं वाईनची द्राक्षं लावली अन् ठरवलं, औषधाचा फवारा होईल तेवढा कमी मारायचा. पण रोग पडंल म्हणून माझा हा नातू लय धास्तावलेला. त्याला धीर द्यायला मी एक थाप ठोकली.

"माझी आजेसासू रोज एकेका वेलीशी बोलायची. एकदा बाई माहेरी निघाली, तर अख्खी बाग तिच्यामागं सिन्नरच्या वेशीपर्यंत चालत गेली."

"आजी, काहीही हां," सनी हसला. पण दुसऱ्या दिवसापासून सुरूच झाला.

आता ह्या कडाक्याच्या थंडीत तो अन् नातसून राखी उजाडल्यापासून बागेत असतात. वेलींच्या बुडाशी पाचटाचं पांघरूण घालतात, एकेकीला विचारतात, "झोप लागली का गं? पाय गारठले नाय ना?" घरी येतात तेव्हा दोघं बोलून बोलून दमलेले. ताट माझ्यापुढं सरकवतात अन् गपचूप मोबाईल बघत बसतात.


आज सकाळी मी हिरवं लुगडं नेसले, अन् बागेतल्या तिसऱ्या ओळीत दोन्ही हात वेलीसारखे तारेवर टाकून उभी राह्यले.