टोस्टर

गेम क्लबच्या सर्व्हरसाठी मी जुळवलेली छोटी, बिनआवाजाची संगणकाची पेटी क्लब चालवणाऱ्या यार्क्कोनं सगळ्यांदेखत परत केली होती. ‘हा टोस्टर घरी ने आणि पाव भाज.’ सगळे हसले. यंदा जुनं मशीन मेलं आणि नवं निवडायचं काम माझ्याकडे आलं. ‘सर्व्हर माझ्याच घरी राहणार,’ यार्क्को म्हणाला. ‘तू फक्त वेग बघ, बाकीची नाटकं नकोत.’ मी वेगच बघितला. कुठल्याशा बँकेनं मोडीत काढलेला दांडगा सर्व्हर घेतला, नीट गुंडाळला आणि ताम्पेरेतल्या त्याच्या एका खोलीच्या घरी पाठवला. आठवड्याभरात त्याचा फोन आला. मागे पंखे विमानासारखे घोंघावत होते. ‘शेजारीण सारखी भिंत बडवतेय. बंद केला तर क्लबवाले शिव्या घालतात.’ ‘आणि वेग?’ ‘वेग झकास आहे.’ तो घुटमळला. ‘तुझा तो टोस्टर आहे अजून?’ ‘आहे की,’ मी म्हटलं. ‘पाव भाजतेय.’