समोरच्या डोंगराचं अंतर

कपाटात दोननळी बंदूक आणि चार काडतुसं होती. कोडगूत माणूस गेलं की दोन बार काढतात. ऐकून दरीतली सगळी घरं खांदा द्यायला धावतात. युद्धावरून परतल्यावर चेंगप्पामास्तर ती बंदूक वर्षातून एकदाच उचलत, मुलांना प्रतिध्वनीवरून समोरच्या डोंगराचं अंतर काढायला शिकवण्यासाठी. आज मास्तरच गेले. त्यांच्या मुलीने, देचम्माने, सकाळीच दोन बार काढले. तासाभराने एकच माणूस वर आला, शेजारच्या विकलेल्या घरात उतरलेला पर्यटक. “मॅडम, फटाके नंतर वाजवा ना, मुलं दचकतात.” दुपारपर्यंत दुसरं कोणी आलं नाही. आई म्हणाली, “वारा उलटा असेल गं. अख्खी दरी त्यांची छडी खाऊन शिकलीय, येतील नाहीतर जातील कुठे?” “गेलेत, अव्वा. बेंगळुरूला.” “पुन्हा उडव.” देचम्माने उरलेली दोन्ही उडवली. आवाज चार सेकंदांनी परतला. अंतर सहाशे ऐंशी मीटर.