बंडवाल्याचं सोंग

पडद्यावर देवराव दिसला आणि पुढच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. महाल वस्तीतला सगळा आखाडा आज चित्र पाहायला आला होता. वस्ताद मारोतराव खास फेटा बांधून आले होते. देवरावाची बायको कौशल्या मागे, बायकांच्या पडद्याआड शेजारणींबरोबर बसली होती.

चित्र विलायती, सत्तावन सालच्या बंडाचं. मागच्या हिवाळ्यात गोऱ्यांच्या कंपनीने तेलंगखेडीच्या माळावर तंबू ठोकून ते काढलं होतं. देवरावाची छाती आणि मिशा पाहून साहेबाने त्याला बंडवाल्यांचा म्होरक्या केलं. गल्लीत परतल्यावर देवरावाने सांगितलं, आपल्या हातात तलवार होती, आपण लढत लढत मेलो. तेव्हापासून लोक त्याला सुभेदार म्हणत. त्या बंडात सीताबर्डीच्या किल्ल्यावर ज्यांना फाशी दिलं ते तोंडातून शब्द न काढता चढले, असं मारोतरावांनी आपल्या आजोबांकडून ऐकलं होतं. विलायती चित्रात बंडवाला असा मर्दासारखा मरतो, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

तलवार होती. पण थोडाच वेळ. मग ती हातातून गळाली आणि म्होरक्याने गोऱ्या कप्तानाच्या पायांवर लोळण घेतली. त्याने बूट दोन्ही हातांनी धरला, त्यावर कपाळ घासलं, वर पाहिलं. चेहरा पडद्याएवढा मोठा झाला. डोळ्यांतून पाणी, ओठ थरथरत होते. मग इंग्रजी अक्षरं आली. चित्र मुकं, म्हणून पडद्याजवळ उभा असलेला हॉलचा माणूस ती अक्षरं मराठीत सांगायचा. तो जरा अडखळला.

“हुजूर, मी कुत्रा आहे. कुत्र्याला जीवदान द्या.”

वरच्या खुर्च्यांवर बसलेले साहेबलोक हसले. पुढच्या बाकांवर कोणी खोकलंसुद्धा नाही. कप्तानाने लाथ मारली आणि म्होरक्याचं काम तिथेच संपलं. चित्र पुढे बराच वेळ चाललं. देवराव पोरांमध्ये बाकावर, अंधारात बसला होता, तरी सगळा उजेड आपल्याच तोंडावर पडतो आहे असं त्याला वाटत राहिलं.

बाहेर आल्यावर आखाड्यातली पोरं चपला शोधण्यात गुंतली. कोणी त्याच्याकडे पाहीना. बायकांच्या दारातून कौशल्या आली. तिच्या शेजारणी त्याला पाहून दुसऱ्या बाजूला वळल्या.

मारोतराव सगळ्यांत मिसळून निघून गेले असते तर बरं झालं असतं. ते गेले नाहीत. त्यांनी जवळ येऊन देवरावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काहून गा देवराव, बंदूक रोखली असंन त्यायनं तुयावर?”

सगळे थांबले. कौशल्याही. त्याने नुसती मान हलवली असती तरी गल्लीने ते मानलं असतं, साहेबाला चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. देवरावालाही ते कळत होतं. पण हा हात त्याच्या खांद्यावर लहानपणापासून पडत आला होता. त्याच्याखाली उभं राहून त्याला खोटं बोलवेना.

“नाही जी, वस्ताद,” तो खाली पाहत म्हणाला. “कोनी रोखली नाही. पयल्यानं माहं रडनं साहेबाले पसंत नाही आलं. तो म्हने, राहू दे. मंग मीच म्हटलं, अजून एक डाव करून दाखवतो.”

मारोतरावांनी हात काढून घेतला.

मग कौशल्या पुढे आली. “चला जी घरी,” एवढंच म्हणाली. तिने पदर कपाळावरून इतका खाली ओढला, की पुढचा रस्ता तिला दिसत नव्हता. महालापर्यंत ती तशीच चालली.