पत्ता घातलेलं कार्ड

"दादा, भांडण मी विसरलो, तूही विसर," असं धाकट्या भावाचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात उत्तराचे खर्डे साठत गेले. त्यातच ठेवलेलं, पत्ता घातलेलं कार्ड मात्र कोरंच राहिलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत सगळे हात मिळवून एकमेकांना शांती देऊ लागले, की मी त्याच पुस्तकात डोकं खुपसतो.

आज शेजारी बसलेल्या शिंपीणबाई म्हणाल्या, "आजोबा, पुस्तक कुठे पळून जात नाही. हात द्या."

मी दिला.

"शांती असो."

"एवढंच पुरतं?"

"मग काय, भाषण करणार होतात?"

चर्चच्या पायरीवर बसून मी कार्डावर तेवढंच लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. सही राहिली. असू दे, माझं अक्षर धाकटा ओळखतो.